घरगुती इंग्रजीतली नाती : तुमच्या कानावर काय काय पडलं?

शाळेत इंग्रजी नात्यांचा तक्ता पाच मिनिटांत पाठ व्हायचा. काका, मामा, आतोबा, मावसोबा सगळे अंकल. त्यांच्या बायका आणि उरलेल्या सगळ्या आंटी. पुढची पोरंटोरं कझिन. मग आपण आत्या, मावशी, मामी, काकू बोटांवर मोजून दाखवायच्या आणि इंग्रजीच्या गरिबीला हसायचं. पण परदेशात चार घरांत ऊठबस झाली की कळतं, तो तक्ता फॉर्म भरण्यापुरता. घरात, बसमध्ये, पबात लोक वेगळंच बोलतात आणि तेही दर गावाला बदलतं. असे शब्द इथे लिहा. अट एकच : स्वतःच्या कानांनी ऐकलेला हवा, कोण कुणाला म्हणालं तेही सांगा. शब्दकोशातल्या याद्या कृपया चिकटवू नका. शब्दाचं मूळ ठाऊक असेल तर सोन्याहून पिवळं.

सुरुवात मीच करते. मी बर्मिंगहॅमला असते. 'मॉम' अमेरिकन आणि 'मम' ब्रिटिश अशी सरसकट समजूत आहे, पण या भागात अस्सल गोरी माणसंही पिढ्यान्‌पिढ्या मॉमच म्हणतात. मदरिंग संडे, म्हणजे इथला मातृदिन, जवळ आला की कार्डांच्या दुकानात 'मॉम'चा वेगळा कप्पा लागतो. आमच्या शेजारच्या बाई 'मम' छापलेलं कार्ड उचलून, नाक मुरडून परत ठेवतात. न्यूकॅसलकडे आणि वेल्समध्ये गेलात तर त्याचंच 'मॅम' होतं.

मँचेस्टरची नर्स

आमच्या वॉर्डात सत्तरीतले एक पेशंट होते. सकाळपासून एकच धोशा : "आवर किड आला का?" मला वाटलं मुलगा असेल, फार तर नातू. भेटीच्या वेळेला काठी टेकत आले ते यांच्याहून थोरले, सख्खे भाऊ. त्यांनी खुर्ची ओढली, संत्रं सोललं, शिरा काढून एकेक फोड धाकट्याच्या हातात देत राहिले, आणि तेवढा सगळा वेळ दोघं फुटबॉलवरून कचाकचा भांडले. निघताना थोरला मला म्हणाला, "आवर किडकडे लक्ष द्या हं." म्हणजे दोघंही एकमेकांचे किड!

इथे 'आवर किड' म्हणजे सख्खं भावंड. बहुतेकदा धाकटं, पण थोरल्यालाही चालतं. ओअ‍ॅसिस बँडचा लिअम गॅलगर थोरल्या नोएलला हेच म्हणतो. घरच्या माणसाच्या नावाआधी 'आवर' लावायची उत्तरेत पद्धतच आहे, आपल्या 'आमचा बंड्या'सारखी. आणि किड म्हणजे मुळात शेळीचं करडू. नॉर्स लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आलेला शब्द, सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून बोलीत माणसांच्या पोरांनाही लागला. तेव्हापासून सत्तरीतली करडंसुद्धा आहेतच.

नानांची सून, रेडिंग

आमचे सासरे म्हणजे नाना. लेकीने शाळेत आजी-आजोबांवर बोलताना सांगितलं की माझ्या नानांना मोठी मिशी आहे आणि ते रोज सकाळी तिला तेल लावतात. सुटताना बाई फाटकाशी थांबल्या होत्या. चेहरा अगदी सहानुभूतीचा. कारण इथे नॅन, नॅना, नॅनी सगळी आजीची नावं! साताऱ्याला व्हिडिओ कॉलवर हा किस्सा सांगितला, तर नाना रागवायचे सोडून खूश. आता फोन घेतला की आधी मिशीवर हात फिरवतात आणि मग "नॅना स्पीकिंग".

लीड्सची आई

नानांवरून आठवलं. एकदा पाळणाघरातून लेकाला आणायला माझा भाऊ गेला. दार उघडताच पोरगं "मामा! मामा!" करत धावलं. तिथली ताई भावाच्या मागे बघत राहिली, आई कुठे आहे म्हणून. जॉर्जियाच्या भाषेत तर 'मामा' म्हणजे बाप आणि आईला म्हणतात 'देदा'. रोमन याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने 1960 साली आलेल्या एका लेखात म्हटलंय की दूध पिताना तोंड भरलेलं असतं, तेव्हा बाळ नाकातून जो म-म हुंकार देतं, त्यातून हे आईवाचक शब्द आले. हुंकार बाळाचा, तो आपल्यालाच आहे हे ठरवलं आयांनी. आमच्याकडे मामाने ठरवलं.

निवृत्त मास्तर, पुणे

मी परदेशी गेलेलो नाही, पण इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, म्हणून घुसतो. इंग्रजी याबाबतीत गरीब नव्हती, झाली. जुन्या इंग्रजीत काका, मामा, आत्या, मावशी या चौघांना चार वेगळे शब्द होते. मामाला 'एआम', काकाला 'फादेरा'. 1066 साली नॉर्मन आले, त्यांच्या फ्रेंचबरोबर अंकल आणि आंट आले आणि या चौघांची सुट्टी झाली. (एआमची खूण 'ईम' म्हणून स्कॉटलंडकडे पुढेही बराच काळ टिकली.)

आता खरी गंमत. अंकलचं मूळ लॅटिन 'अवुंकुलुस', म्हणजे फक्त आईचा भाऊ. बापाच्या भावाला 'पात्रुउस' होता, आपल्या पितृव्याचा सख्खा नातलग. आंटचं मूळ 'अमिता', म्हणजे बापाची बहीण. तेव्हा मुळावर गेलं तर सगळे अंकल मामा आणि सगळ्या आंट आत्या. काकाचं आणि मावशीचं नाव बुडालं ते बुडालंच. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, म्हणजे चांदोमामाला अंकल मून म्हटलेलं चालतंय!"

कॉर्क, आयर्लंड

पार्सलवाला दारात विचारतो, "इज हिमसेल्फ इन?" हिमसेल्फ म्हणजे माझा नवरा. शेजारीण फोनवर सांगते, "हिमसेल्फला चहा हवाय, ठेवते." नाव घेणं नाही, हजबंड म्हणणं नाही. आयरिश भाषेत सर्वनामाला 'स्वतः' जोडून बोलायची रीत आहे, ती इंग्रजीत जशीच्या तशी उतरली. सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांना बाकी इंग्रजी जड गेलं, पण हे एका दिवसात जमलं, कारण जन्मभर त्यांनी सासऱ्यांना 'हे' म्हटलं आहे. शेजारीण आणि त्या, दोघींचं आपापल्या हिमसेल्फच्या गुडघ्यांवरून तासभर छान चालायचं.

वरच्याला उत्तर

आणि पुरुषांकडून काय? लंडनचे जुने लोक बायकोला 'हर इनडोअर्स' म्हणतात, म्हणजे 'घरातली'. आमचे आजोबा पाहुण्यांना सांगायचे, "आमचं कुटुंब माहेरी गेलंय." एकटी आजी गेलेली असायची, बाकी आम्ही नऊ जण घरातच.

ग्लासगो

इथे लहान मूल म्हणजे 'वेन'. 'वी एन', म्हणजे छोटंसं, याचं जोडून झालेलं. पूर्वेला गेलात की त्याचं 'बेर्न' होतं. फॉल्कर्कच्या फुटबॉल संघाचं टोपणनावच 'द बेर्न्स' आहे. हा बेर्न जुन्या इंग्रजीतला, वाहणे-प्रसवणे या अर्थाच्या धातूवरचा, म्हणजे संस्कृत 'भृ'चा आणि आपल्या 'भार'चा लांबचा भाऊबंद. बाळंतिणीला पटेल.

मेलबर्न

ऑस्ट्रेलियात शब्द अर्ध्यावर तोडून शेपूट लावायचं. ब्रेकफास्टचं ब्रेकी, तसं रिलेटिव्ह्जचं 'रेलीज'. डिसेंबर आला की ऑफिसात प्रत्येकाची एकच रड : रेलीज येणार आहेत, आणि त्यांचे 'अँकल बायटर' पण, म्हणजे घोट्याशी रांगणारी पोरं.

पण एक गोष्ट थट्टेची नाही. इथल्या आदिवासी समाजातल्या ज्येष्ठांना नावाआधी आंटी किंवा अंकल लावतात, सरकारी कार्यक्रमांतसुद्धा. ते मानाचं संबोधन आहे. मिळवावं लागतं, आणि परक्याने ते न विचारता वापरू नये. आपल्याकडे भाजीवाल्यालाही अंकल म्हणून मोकळे होतो, त्यामुळे हे मुद्दाम लिहिलं.

वैतागलेली आई, लंडन

चिरंजीव पंधरा वर्षांचे. जेवायला हाक मारली की "कमिंग, फॅम." मी फॅम! मित्र 'ब्रुव्ह', 'ब्लड', 'कझ'. म्हणजे फॅमिली, ब्रदर, रक्ताचा, कझिन. यांतला कुणीही नातेवाईक नाही. या तरुण लंडनी बोलीत जमैकन घरांतून आलेलं पुष्कळ आहे, आता बंगाली, मराठी, पोलिश सगळी पोरं तसंच बोलतात. सुट्टीत कोल्हापूरचा पुतण्या आला होता. त्याचं दर वाक्याला "भावा". दोघांचं लगेच जमलं. आपापल्या सख्ख्या बहिणींना मात्र दोघंही "ए" म्हणूनच हाक मारतात.

पूर्व लंडन, बांधकाम साइट

आमचा म्हातारा प्लंबर म्हणाला, शनिवारी सॉसपॅन घेऊन मार्गेटला चाललोय. मला वाटलं समुद्रावर स्वयंपाक करणार. तर ही कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनच्या बोलीतली, यमकं : 'सॉसपॅन लिड्स' म्हणजे किड्स. यमक ज्या शब्दात असतं तोच गाळून टाकायचा, म्हणजे परक्याला पत्ता लागत नाही. बायको 'ट्रबल', कारण 'ट्रबल अँड स्ट्राइफ' आणि वाइफ. बहीण 'स्किन अँड ब्लिस्टर'. आताची तरुण पोरं यातलं फारसं वापरत नाहीत.

आणि मास्तरांसाठी एक. नळ बसवून झाला की हा गडी हात झटकून म्हणतो, "बॉब्ज युअर अंकल!", म्हणजे झालं काम. सांगतात की 1887 साली पंतप्रधान रॉबर्ट (म्हणजे बॉब) सॅलिसबरीने आर्थर बाल्फोरला आयर्लंडचा कारभार दिला, त्या वशिल्यावरून हे आलं. छापील वापर सापडतो तो कित्येक दशकांनंतरचा, त्यामुळे गोष्ट कच्चीच. पण बाल्फोर हा सॅलिसबरीच्या बहिणीचा मुलगा. म्हणजे सर, तुमच्या लॅटिनप्रमाणे हा बॉब शंभर टक्के अस्सल अंकल.