मिचेलसाठी आणखी किती द्यायचं? (ऑगस्ट 2022)

एडिसनकर: काल इथे एकाने लिहिलं की आपले तरुण खेळाडू बॅरेट आणि ग्राइम्स द्या, वर युटा (मिचेलचा संघ) मागेल तेवढे पिक, म्हणजे पुढच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क, द्या, पण डॉनोव्हन मिचेल आपल्या न्यूयॉर्क निक्समध्ये आणाच, विरोध करणाऱ्यांना बास्केटबॉल कळत नाही म्हणे. मागेल तेवढे? जुलैत युटाचा कारभार बघणाऱ्या डॅनी एंजने रूडी गोबेरच्या बदल्यात मिनेसोटाकडून पहिल्या फेरीचे चार पिक, एक स्वॅप (पिकची अदलाबदल करायचा हक्क) आणि पाच खेळाडू काढले. तोच माणूस आता आपल्याशी बोलणी करतोय. मिचेलचे सरासरी 25.9 गुण मान्य. पण आपल्या नव्या गार्डला, ब्रन्सनला, आत्ताच चार वर्षांसाठी 10 कोटी 40 लाख डॉलर दिलेत, आणि दोघांपैकी एकही सव्वासहा फुटांपुढे नाही. समोरच्यांना अडवणार कोण?

गार्डनवाला: ते लिहिणारा मीच, आणि अजून तेच म्हणतो. 2010 ला लेब्रॉन आला नाही. 2019 ला ड्युरंट आणि कायरी नदीपलीकडे ब्रुकलिनला गेले. मोठा खेळाडू आपल्याकडे आपणहून येत नाही, त्याला ट्रेडनेच (खेळाडूंच्या अदलाबदलीने) आणावं लागतं. 2017 च्या ड्राफ्टला आठव्या नंबरवर एनटिलिकिना घेतला, मिचेल तेराव्यावर गेला. न्यूयॉर्कचाच पोरगा, पंचविशीतला. पुन्हा सोडायचा?

विदर्भ_पॉइंटगार्ड: नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये मी आणि माझा दोस्त, दोघंही साडेपाच फुटी गार्ड. समोरचा कोच बाकावरून ओरडायचा, "छोट्यावर घ्या!" लगेच स्क्रीन लावून (वाट अडवून) आम्हाला माणसं बदलायला लावायचे, माझ्यासमोर सहा फुटी पोरगा, पाठ लावून दोन धक्के, बास्केट. मी नुसता हात वर करून उभा. दोघंही भरपूर टाकायचो आणि हरायचो.

गार्डनवाला: कॉलेजचं इथे काय? ही एनबीए आहे, अमेरिकेची व्यावसायिक लीग.

विदर्भ_पॉइंटगार्ड: मग एनबीएचंच घ्या. एप्रिलमध्ये डॅलसकडून खेळताना, त्यांचा स्टार लुका डॉन्चिच नसताना, ब्रन्सनने युटावर 41 गुण ठोकले, तेव्हा मिचेलचा डिफेन्स कुठे होता?

प्राजक्ता_जर्सीसिटी: मेलोचं, कार्मेलो अँथनीचं, विसरलात का सगळे? फेब्रुवारी 2011. उन्हाळ्यात तो नुसत्या करारावर आला असता, तरी डेन्व्हरला गॅलिनारी, चँडलर, फेल्टन, मोझगोव्ह आणि पिक देऊन बसलो. त्यातल्या स्वॅपवर डेन्व्हरने 2016 ला जमाल मरे उचलला!

गार्डनवाला: मेलोला नावं ठेवू नका. लॉकआउट (मालक-खेळाडूंच्या वादात लीग बंद पडणं) समोर होता, थांबला असता तर त्याचेच पैसे बुडाले असते. नेट्सही मागे लागले होते. आणि 2013 ला 54 विजय कोणामुळे? 2000 नंतर आपण जिंकलेली एकुलती एक प्लेऑफ (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) मालिका त्याचीच.

प्राजक्ता_जर्सीसिटी: एक मालिका! त्यासाठी बेंच रिकामा केला. पुढच्या फेरीत इंडियानाने घरी पाठवलं तेव्हा मेलोच्या जोडीला कोण होतं, सांगा ना. मी त्या वर्षी पगारातून पैसे साठवून वरच्या रांगेचं तिकीट काढलं होतं. गॅलिनारी तेव्हा डेन्व्हरकडे होता.

गार्डनवाला: गॅलिनारीने तेव्हा गुडघा फोडून घेतला होता, मॅडम. प्लेऑफ खेळलाच नाही तो.

प्राजक्ता_जर्सीसिटी: बरं, गॅलिनारीचं सोडलं. मरेचं नाही सोडणार.

एडिसनकर: मेलोवर वेगळा धागा काढा हो. माझा प्रश्न किमतीचा आहे. गेल्या मोसमात आपले 37 विजय, 45 पराभव. एका मिचेलने त्या 37 चे 60 विजय होत नाहीत. नंतर दुसरा मोठा खेळाडू बाजारात आला तर द्यायला काय उरेल?

गार्डनवाला: ठीक, "मागेल तेवढे" जास्त झालं म्हणा. पण ग्राइम्ससाठी ट्रेड अडवणं मला पटत नाही. पहिल्या वर्षाचा पोरगा तो.

विदर्भ_पॉइंटगार्ड: मिचेल आणि ब्रन्सनच्या पाठीमागे अडवणारा तोच एक आहे. ग्राइम्स राहणार आणि तीनच पिक जाणार असतील तर मी गप्प बसतो. चौथा मागितला तर फोन ठेवा.

गार्डनवाला: आणि बॅरेट?

विदर्भ_पॉइंटगार्ड: बॅरेट द्या.

प्राजक्ता_जर्सीसिटी: बॅरेट अजिबात नाही!