मदत हवी आहे: सहावीतला मुलगा वर्गात हात वर करत नाही

नमस्कार. आम्ही मानेवाड्याला राहतो. जूनअखेर शाळा उघडली तेव्हापासून मुलाचं मन वर्गात लागत नाही. बाईंनी वही दाखवली. पहिली चार पानं सुरेख अक्षरात, पुढे नुसती तारीख. घरी विचारलं तर म्हणाला, "चुकलं की बाबा रागावतात."

ऐकून पोटात कालवलं. यांचा धाक फार, आणि मी लगेच विरघळते. कितीदा तर गृहपाठही मीच लिहून दिलाय. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा सांगितल्या: नुसता हुकूम सोडणारे, सगळं चालवून घेणारे, आणि नियम पाळायला लावतानाच कारण समजावून मुलाचंही ऐकणारे. तिसऱ्या घरातली मुलं शाळेत जास्त रमतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आमच्याकडे पहिल्या दोन्ही एकाच घरात आहेत, त्यामुळे पोरगं आणखीच गोंधळतं.

यांच्याशी भांडण न होता हे कसं बोलू? मूल चुकतं तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणता, ते शब्दच लिहा. नागपुरात शाळकरी मुलांचे चांगले समुपदेशक माहीत असतील तर तेही कळवा. शनिवारी पालकसभा आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.