विषय: शनिवारचा कॅनमोर कॅम्प, डबा (दाण्याचा कूट चालणार नाही!!)

मंडळी,
पोरांच्या क्रॉस-कंट्री स्कीच्या कॅम्पसाठी डब्याचं अजून ठरत नाहीये. क्लबने पुन्हा बजावलंय: शेंगदाणे, काजू, बदाम काहीही नको. म्हणजे मागच्या वेळची खिचडी बाद, चिक्की बाद. सकाळी फ्रोझन थंडरच्या (साठवलेला बर्फ पसरून केलेला ट्रॅक) बर्फावर, दुपारी रोलर-स्की, म्हणजे डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्की. मधल्या वेळात पोटात नीट काही गेलं नाही तर दुपारी पोरांचे पाय उचलत नाहीत. पर्याय सुचवा. आणि मंडळाचं मोठं पातेलं गणपतीनंतर कुणाकडे आहे?
– ओवीची आई

---
कुटाशिवाय खिचडी म्हणजे नुसता चिकट गोळा. तिळाचे लाडू करा, प्रश्न मिटला. आणि शर्यती डिसेंबरात, मग आत्तापासून एवढा थाट कशाला? थंडी पडली की तूप-रोटी चारा. तसंही चढावर हलकं पोरच पुढे जातं.
– सुहासकाका

---
काका, तीळसुद्धा कॅनडाच्या अ‍ॅलर्जीच्या अधिकृत यादीत आहेत. क्लबला विचारल्याशिवाय नकोत.

बाकी हिशोब उलटा आहे. क्रॉस-कंट्रीवाल्यांचं वर्ष मे महिन्यात सुरू होतं आणि सरावाचे सगळ्यात जास्त तास उन्हाळ्यात नि पानगळीत पडतात. शर्यती लागल्या की तास कमी होतात. म्हणजे मोठी भूक आत्ताची. एप्रिलच्या सुट्टीतही ताट आखडायचं नाही, कारण पोर वाढायचं थांबत नाही.

हलकेपणाचं म्हणाल तर स्की-जंपिंगमध्ये पोरं उपाशी राहून वजन उतरवायला लागली. शेवटी २००४ मध्ये फिसला (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला) नियम करावा लागला: उंचीच्या मानाने वजन कमी, तर स्कीही आखूड.
– निखिलचे बाबा

---
पातेलं माझ्याकडे नाही. मागच्या वेळीही माझंच नाव घेतलं होतं. भांडारातली वस्तू वहीत सही करून न्यायची असं कार्यकारिणीत ठरलंय, वही बघा.
– भांडार

---
डबा राहू दे बाजूला. आमच्या सासूबाई म्हणतात नवरात्र आहे, मुलीनेही धरावं. कॅम्पला उपास चालेल का?
– सईची आई

---
सईची आई, उपास मोठ्यांनी करावेत. दोन सत्रांच्या दिवशी मुलीला मुळीच नको. सासूबाईंना माझं नाव सांगा.

१४ ते १८ वयाच्या मुलींना रोज १५ मिलिग्रॅम लोह लागतं, मुलांना ११. शाकाहारी घरात ते भरणं सोपं नाही. मोसमाआधी डॉक्टरांकडून फेरिटिन (रक्तातून कळणारा लोहाचा साठा) तपासून घ्या, परस्पर गोळ्या चालू करू नका. डाळीवर, पालकावर लिंबू पिळा. जेवणाबरोबरचा चहा बंद, तो तासाभराने. आपल्याकडे पोरं आठवीपासून चहाबाज, म्हणून मुद्दाम लिहिते. हिवाळ्यात इथल्या उन्हातून ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळतच नाही. दुधात घातलेलं असतं, तेव्हा दूध चालू ठेवा.

आणि पाळी थांबली तर ‘सराव जोरात आहे’ म्हणून सोडून देऊ नका. खाणं खर्चाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते. ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून यावर लिहायला सुरुवात केली आहे आणि त्यात मुलगेही येतात.
– डॉ. मावशी

---
चहाचं पटलं नाही. आम्ही जन्मभर जेवणावर चहा घेतला, काय झालं?
– सुहासकाका

---
काका, तुम्ही रोलर-स्की करत नाही. :)

डब्याचं मी सुचवतो: राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी, बटाट्याची भाजी नि पोळीचे रोल. तासाभराहून लांबच्या सरावात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात; मोठं केळं सुमारे ३० ग्रॅमचं. थंडीत तहान कळत नाही, म्हणून कोमट पाण्यात साखर-मीठ-लिंबू, बाटली कमरेच्या पट्ट्यात अंगाशी. बाहेर ठेवलीत तर जानेवारीत झाकण गोठतं.
– निखिलचे बाबा

---
पोळ्या कोण लाटणार ते आधी सांगा. नेहमीच्या तिघींनी नाही लाटायच्या.
– सईची आई