१६०० मीटरला दुसऱ्या राउंडलाच धाप लागते, दम वाढवायला नक्की काय करू?

माणदेशी_पोरगा
नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातला, वय २०, पोलीस भरतीची तयारी नुकतीच चालू केलीय. आधी पळायची अशी सवय नव्हती, शाळेत कबड्डी खेळायचो तेवढंच. गोळा बरा जातो, १०० मीटर पण ठीक आहे, पण १६०० ला पार वाट लागते. हायस्कूलच्या ग्राउंडवर चुन्यानं आखलेला ४०० चा मातीचा ट्रॅक आहे तिथं पळतो. पहिला राउंड १ मिनिट २० सेकंदात निघतो, अगदी हलकं वाटतं, दुसरा १:४५ ला, आणि तिसऱ्याला छाती एवढी भरून येते की तोंड उघडं टाकून पळावं लागतं, घसा कोरडा पडतो, उजव्या बरगडीखाली चमक मारते, मग शेवटचे दोन राउंड थोडं चालत थोडं पळत कसेबसे होतात. टोटल साडेसात मिनिटं. रोज सकाळी उठून १६०० फुल जोरात मारतोय तरी टाइम जागचा हलत नाहीये. ग्राउंडवरची पोरं एकेक सांगतात, एक म्हणतो फक्त नाकानं श्वास घे, एक म्हणतो तोंडाला मास्क बांधून पळ म्हणजे फुफ्फुसं मोठी होतात, एक म्हणतो कपालभाती कर. अकॅडमी लावायची सध्या ऐपत नाही. कुणाला खरंच अनुभव असेल तर नीट सांगा, लय गरज आहे.

कडेपठार
भावा, तू आकडे दिलेस हे फार चांगलं केलंस, त्यातच उत्तर आहे. साडेसात मिनिटं म्हणजे ४५० सेकंद, चार राउंडला भागलं तर एका राउंडला साधारण ११२ सेकंद. आणि तू पहिला राउंड काढतोस ८० ला. ८० चे चार राउंड म्हणजे ५:२०, म्हणजे सुरुवात तू ५:२० वाल्या पोरासारखी करतोस आणि शरीर आज साडेसातचं आहे. पहिल्या राउंडला हलकं वाटतं कारण पायांत साठवलेली ताकद असते, ती मिनिटभरात संपते आणि मग धाप लागते.

ही धाप फुफ्फुसं लहान आहेत म्हणून लागत नाही, हे आधी डोक्यातून काढून टाक. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर कुणाच्या घरी पडलं असेल तर पळून झाल्या झाल्या बोटाला लावून बघ, निरोगी माणसाला कितीही धाप लागली तरी आकडा सहसा ९५ च्या वरच असतो. ऑक्सिजन रक्तात असतोच. जोरात सुटल्यावर स्नायूंना तो पुरेसा वापरता येत नाही, मग ते ऑक्सिजनशिवायच्या मार्गानं ताकद काढतात, त्यात रक्त आम्लाकडं झुकतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि तो बाहेर टाकायला मेंदू श्वास वाढवतो. म्हणजे दम वाढवायचा तर काम हृदयावर आणि पायांच्या स्नायूंवर करायचं. हृदयानं एका ठोक्याला जास्त रक्त फेकलं पाहिजे, मांड्या-पोटऱ्यांत बारीक केशवाहिन्या वाढल्या पाहिजेत, स्नायूंच्या पेशींतले मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ताकद तयार करणारे बारीक भाग) वाढले पाहिजेत. हे सगळं सावकाश आणि जास्त वेळ पळण्यानं होतं, रोज जीव तोडून १६०० मारण्यानं होत नाही. रोज फुल जोर लावला की शरीर भरून यायला वेळच मिळत नाही आणि तू एकूण पळतोस तरी किती, दीड किलोमीटर.

आता काय करायचं ते सांगतो. १६०० चा टाइम घेणं महिनाभर पूर्ण बंद. आठवड्यातले चार दिवस घे, मधे एकेक दिवस सुट्टी. दहा मिनिटं झपाझप चाल, मग २ मिनिटं जॉगिंग १ मिनिट चालणं असं अर्धा तास. जॉगिंग एवढं सावकाश की पळता पळता सतराचा पाढा म्हणता आला पाहिजे, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, इथपर्यंत एका श्वासात जमलं तर स्पीड बरोबर आहे, प्रत्येक आकड्याला श्वास तुटत असेल तर तू जोरात पळतोयस. पहिले काही दिवस हे इतकं हळू वाटेल की शेजारनं चालणारी म्हातारी माणसं पुढं जातील, जाऊ दे. पुढच्या आठवड्यात ३ मिनिटं पळ १ चाल, मग ५ ला १, असं करत अर्धा तास न थांबता पळता आलं की अर्धं काम झालं. तिथून एक दिवस ४०-४५ मिनिटांवर ने. दर आठवड्याला थोडंच वाढव, नाहीतर नडगी धरते आणि नडगी एकदा धरली की तीन-चार आठवडे गेले समज. डांबरी सोडून मुरमाच्या वाटेवर पळ, पाय वाचतात.

रानवाट
चमक मारते त्यावर लिहितो. पळायच्या आधी तांब्याभर पाणी पिऊन किंवा भरपेट खाऊन निघत असशील तर ते बंद कर, खायचं तर दोन तास आधी, सकाळी उठल्या उठल्या पळायचं असेल तर एखादं केळं पुरे. चमक आलीच तर थांबून बसू नकोस, स्पीड कमी कर, जिथं दुखतं तिथं हातानं दाबून किंचित पुढं वाक आणि तोंडानं पूर्ण श्वास बाहेर सोड, पोट आत जाईपर्यंत. चार-पाच वेळा केलं की बहुतेक वेळा सुटते. नवीन माणसाला ही जास्त येते, महिना-दोन महिन्यांत कमी होईल.

आणि नाक की तोंड हा वाद घालत बसू नको. सावकाश पळताना नाकानं जमलं तर चांगलं, धूळ गाळली जाते, पण १६०० ला नुसत्या नाकानं पुरेल एवढी हवा जातच नाही, नाक तोंड दोन्ही उघडं ठेव. लक्ष द्यायचं ते श्वास सोडण्याकडं. दमलेला माणूस वरवर भराभर घेत राहतो आणि आतली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. जॉगिंगला तीन पावलांत घे, दोन पावलांत सोड, जोरात पळताना दोनला दोन. खांदे कानाकडं चढले की हलवून सैल सोड, मुठी आवळू नको. श्वास पोटातून येतोय का ते रात्री झोपताना बघ, उताणं पडून पोटावर वही ठेव, श्वास घेताना वही वर आली पाहिजे.

माणदेशी_पोरगा
दादा दोघांचे खूप आभार, सतराचा पाढा आजच पाठ करतो. फक्त एक शंका, मला पळायचंय १६०० आणि तुम्ही सांगताय अर्धा-पाऊण तास सावकाश पळ. त्यानं मी स्लो होणार नाही का? ग्राउंडवरची पोरं म्हणतात लांब पळलं की स्पीड मरतो.

कडेपठार
हे सगळीकडंच बोलतात, पण १६०० पाच-सहा मिनिटांची शर्यत आहे, त्यात लागणारी बहुतेक ताकद ऑक्सिजनवरच येते. तुझ्याच तालुक्यातलं मोही घे. ललिता बाबर आधी लांब पल्ल्याची धावपटू, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, मग ३००० मीटर स्टीपलचेसला (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या फायनलला पोचून दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकच्या वैयक्तिक शर्यतीत फायनल गाठणारी पहिली भारतीय. लांब पळून स्पीड मेला असता तर हे झालं असतं का? त्याच्याही आधीचं बघायचं तर न्यूझीलंडचा पीटर स्नेल. १९६० ला रोममध्ये ८०० चं सुवर्ण, १९६४ ला टोकियोत ८०० आणि १५०० दोन्हीचं. त्याचे कोच आर्थर लिडियार्ड ८०० मीटरवाल्या पोराला रविवारी २२ मैल पळवायचे, म्हणजे ३५ किलोमीटर. तुला ३५ करायचे नाहीत, ५-६ पुरेत.

स्पीडचं कामही करायचंच आहे, पण पाया झाल्यावर. अर्धा तास सलग जमायला लागला की सावकाश पळून झाल्यावर शेवटी ८०-१०० मीटरच्या चार-पाच मोकळ्या धावा टाक, मधे चालत परत ये. त्याच्यापुढं दीड-दोन महिन्यांनी आठवड्यातून एकच दिवस ४०० चे राउंड, समज सहा राउंड ९५ सेकंदांनी, मधे दोन मिनिटं आराम. सहावा राउंड पहिल्याएवढ्याच टाइमला निघाला पाहिजे, पहिला ८५ आणि सहावा ११० असं झालं तर वर्कआउट फसला. मग हळूहळू ९०, ८५ करत खाली आण. बाकी दिवस पाढ्याचा स्पीड. एसआरपीएफचा (राज्य राखीव पोलीस दलाचा) फॉर्म भरणार असशील तर तिथं ५ किलोमीटर आहे, हाच पाया तिथंही कामाला येईल.

सायली_वाई
मी मुलींच्या ८०० ची तयारी करते. इथं एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय, हे वाचणाऱ्या मुलींसाठी खास. तीन-चार आठवडे नियमानं सावकाश पळूनही जिना चढताना धाप लागत असेल, पाय सतत जड वाटत असतील, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं तेच आहे, ते कमी असेल तर कितीही पळा, दम वाढत नाही. बायकांना १२ आणि पुरुषांना १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, म्हणजे ग्राउंडवर उभ्या असलेल्या निम्म्या मुली अशाच पळत असतील. माझं साडेनऊ होतं आणि सगळे मला म्हणायचे तुझ्यात जिद्द नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात, डॉक्टरांना दाखवून चालू करा. गोळी चहाबरोबर अजिबात नको, जेवणाला लागून चहा पण नको, चहानं लोह अंगाला लागत नाही, लिंबू पिळलेलं काहीतरी खा. माझा फरक कळायला दोन-अडीच महिने गेले पण तोच ट्रॅक वेगळा वाटायला लागला.

डॉ_फलटण
सायलीताईंनी महत्त्वाचं लिहिलंय. अजून दोन गोष्टी तपासायच्या. पळताना ठीक वाटतं पण थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकल्याची उबळ येते, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, थंडीत किंवा उसाचं पाचट जाळल्याच्या धुरात जास्त होतं, तर तो व्यायामानं उठणारा दमा असू शकतो. फुंकर मारायची साधी तपासणी असते, इनहेलरनं आटोक्यात येतो आणि इनहेलर घेऊन लोक उत्तम पळतात, त्याची लाज बाळगू नये. दुसरं, पळताना छातीत दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, शुद्ध हरपणं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काहीही असेल तर ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्याशिवाय जोरात पळू नका. भरतीच्या ग्राउंडवर पोरं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्यात, फार वाईट वाटतं. ग्राउंडच्या दिवशी कुणी इंजेक्शन, गोळी, पावडर देऊ केली तर हातसुद्धा लावू नका.

मास्कबद्दल: मास्क बांधून डोंगरावरच्या विरळ हवेचा परिणाम मिळत नाही, श्वास कोंडतो आणि पळण्याचा स्पीड पडतो एवढंच. तंबाखू-सिगारेट असेल तर आजच बंद.

योगसाधक
प्राणायाम माझ्या आवडीचा विषय. अनुलोम-विलोम, भ्रामरी जरूर कर, मन शांत राहतं, झोप चांगली लागते, ग्राउंडच्या आधी जी धडधड होते ती आवरते. पण पळण्याच्या जागी प्राणायाम चालत नाही, पळून जो दम येतो तो पळूनच. आणि कपालभाती शर्यतीच्या अगदी तोंडावर करू नकोस, भराभर श्वास सोडल्यानं काहींना गरगरतं. पळून आल्यावर अर्ध्या तासानं निवांत बसून कर.

माणदेशी_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ताई, हिमोग्लोबिन या आठवड्यात करून घेतो. शेवटचा प्रश्न, समजा पुढं तयारी झाली आणि ग्राउंड लागलं, तर त्या दिवशी पहिला राउंड कितीला काढायचा? सगळी पोरं शिट्टी वाजली की सुसाट सुटतात, मागं राहिलो की टेन्शन येतं.

कडेपठार
५:१० च्या आत आलास तर २० पैकी २० मार्क, म्हणजे राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. तुझी तयारी तेव्हा जेवढी असेल त्याला चारनं भाग आणि पहिला राउंड त्याच्यापेक्षा दोन सेकंदांहून जास्त फास्ट नको, घड्याळ लावायची परवानगी नसली तरी महिनाभर तोच राउंड मारलेला असला की पायांना कळतं. सुसाट सुटलेली निम्मी पोरं तिसऱ्या राउंडला तुला परत भेटतील.

आणि गर्दीत बाहेरनं पळू नको. दुसऱ्या लेनमधनं पळलास की राउंडला साडेसात मीटरच्या आसपास जास्त पळावं लागतं, चार राउंडला ३० मीटर, तुझ्या स्पीडला सहा सेकंद तिथंच गेले. वळणावर आतल्या रेषेला धरून राहा, ओव्हरटेक सरळ पट्टीत कर.