जोसेफ चेंबरलेन: बर्मिंगहॅमच्या नळाने बाकीचं धुऊन निघतं का?

घाटपायथा (धागाकर्ता)
लेकीला विद्यापीठात सोडायला बर्मिंगहॅमला आलोय. आवारात शंभर मीटरचा घड्याळाचा मनोरा आहे, पोरं त्याला ‘ओल्ड जो’ म्हणतात. हा जो म्हणजे जोसेफ चेंबरलेन, विद्यापीठाचा पहिला कुलपती. चेंबरलेन म्हटलं की आपल्याला म्युनिकहून हिटलरशी केलेल्या कराराचा कागद फडकावत परतलेला पंतप्रधान नेव्हिल आठवतो. तो याचा धाकटा मुलगा.

बाप जास्त रंगतदार निघाला. १८५४ साली, अठराव्या वर्षी, लंडनहून इथे आला तो आत्याच्या यजमानांच्या, म्हणजे नेटलफोल्डच्या, स्क्रूच्या कारखान्यात. तोवर सुतारकामाच्या स्क्रूचं टोक बोथट असे. आधी भोक पाडायचं, मग पिळायचं. अमेरिकेतल्या नव्या यंत्रावर टोकदार स्क्रू निघायला लागला. त्या यंत्राच्या हक्कांसाठी भांडवल हवं होतं. जोच्या वडिलांनी १० हजार पौंड घातले आणि पैशांवर लक्ष ठेवायला पोरगा धाडला. वीस वर्षांत पोराने एवढं कमावलं की १८७४ मध्ये, चाळिशीच्या आत, हिस्सा विकून मोकळा झाला.

तेव्हा तो महापौर होताच (१८७३ ते १८७६). शहरात दोन खासगी गॅस कंपन्या होत्या. जोने दोन्ही मिळून सुमारे २० लाख पौंडांना पालिकेकडे घेतल्या. पहिल्याच वर्षी ३४ हजार पौंड नफा. मग पाणी कंपनी. इथे मात्र त्याचं म्हणणं होतं की गॅसवर नफा काढा, पाण्यावर नको. गोरगरीब तोवर सांडपाणी झिरपलेल्या विहिरींचं पाणी पीत होते.

पुढे त्याने काय केलं ते असो. उद्योगपतीने राजकारणात यावं तर असं, हे माझं मत. बोला.

पाना-पक्कड
‘ते असो’ म्हणून तुम्ही माणसाची तीस वर्षं खुंटीला टांगलीत की राव!

आधी स्क्रूच घ्या. त्या यंत्रामुळे आजूबाजूचे छोटे कारखानदार एकेक करून बसले. काहींना विकत घेतलं, काही भावात टिकले नाहीत. मोठा झाल्यावर हीच तक्रार त्याच्या विरोधकांनी उकरून काढली होती. गॅसचंही तेच: सगळे स्पर्धक एका मालकाखाली आणा. फरक इतकाच की यावेळी मालक पालिका. यात मला समाजसेवा कमी आणि धंद्याची सवय जास्त दिसते.

आणि कॉर्पोरेशन स्ट्रीट राहिलाच. गलिच्छ वस्ती पाडून तिथे दुकानांचा रुंद रस्ता काढला. ज्यांची घरं पाडली त्यांच्यासाठी घरं बांधली का? जवळजवळ नाहीच. ती माणसं शेजारच्या तितक्याच कोंदट वस्त्यांत गेली.

घाटपायथा
पक्कडराव, त्याच योजनेत त्याने स्वतःचे १० हजार पौंड घातले होते, तेही सांगा. पुनर्वसनाचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण सवय धंद्याची असली आणि पाणी स्वच्छ आलं, तर सवयीला नावं कशाला ठेवायची?

उलटी गंगा
ज्या माणसाने दोन पक्ष फोडले त्याला आदर्श म्हणताय? १८८६ मध्ये लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टनने आयर्लंडला स्वराज्य देणारं विधेयक आणलं. लिबरल पक्षातल्या ९३ जणांनी विरोधात मत दिलं, त्यात हा पुढे. विधेयक पडलं, सरकार गेलं. नंतर हुजूर पक्षाच्या मांडीला मांडी लावून १८९५ ला वसाहतमंत्री झाला. १९०३ मध्ये ‘परदेशी मालावर जकात लावा, साम्राज्यातल्या मालाला सवलत द्या’ म्हणत तोही गट चिरला. विरोधक ओरडले, पाव महागणार, लहान होणार. तर हा बिंगली हॉलच्या सभेत दोन पाव घेऊन उभा राहिला: एक आत्ताचा, एक जकातीनंतरचा, ओळखा पाहू! १९०६ च्या निवडणुकीत पक्षाचा फज्जा उडाला.

पाना-पक्कड
आणि बर्मिंगहॅमच्या सातही जागा तरीही त्याच्याच गटाकडे! एवढा पगडा असला की काय होतं ते १९०१ च्या डिसेंबरात दिसलं. बोअर युद्धाविरुद्ध (दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या गोऱ्यांशी इंग्रजांचं युद्ध) बोलायला लॉइड जॉर्ज हा लिबरल खासदार इथल्या टाउन हॉलमध्ये आला. जमावाने खिडक्या फोडल्या, शेवटी त्याला पोलिसाच्या वेषात मागच्या दाराने काढावं लागलं. त्या दंगलीत जीवितहानीही झाली.

घाटपायथा
दंगलीचं समर्थन कोण करतंय?

सांताक्रूझ पूर्व
मी कधी लिहीत नाही, पण इथे राहवत नाही.

१९०२ साली गांधीजी मुंबईत वकिली बसवत होते, सांताक्रूझला बंगला घेतला होता. तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेतून तार आली की चेंबरलेन येतोय, तुम्ही या. बिऱ्हाड तसंच ठेवून ते निघाले. डर्बनला हिंदी लोकांचं शिष्टमंडळ त्याला भेटलं. चेंबरलेनने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की तक्रारी खऱ्या वाटतात, पण स्वशासित वसाहतींवर आमचा फारसा ताबा नाही. गोऱ्यांना सांभाळून घ्या. शेजारच्या ट्रान्सवाल वसाहतीच्या शिष्टमंडळातून तर गांधीजींना वगळलंच.

ताबा नाही म्हणे. १८९७ च्या लंडनमधल्या परिषदेत वसाहतींच्या पंतप्रधानांना यानेच सुचवलं होतं की हिंदी लोकांना अडवा, पण कायद्यात वर्णाचं नाव घेऊ नका. नाताळने (डर्बन ज्यात येतं ती वसाहत) तिथे येणाऱ्यांना युरोपीय भाषेत अर्ज लिहिण्याची अट घातलीच होती. म्हणजे गुजराती-तमिळ लिहिणारा माणूस निरक्षर! गॅस कंपनी घेताना याचे हात बांधलेले नव्हते.

घाटपायथा
त्याच १८९७ मध्ये डर्बनला जमावाने गांधीजींना मारलं तेव्हा हल्लेखोरांवर खटले भरा, अशी तार नाताळला पाठवणारा हाच. खटला नको हे गांधीजींनी सांगितलं. दोन्ही बाजू असू द्या.

बोअर युद्धात बायका-मुलांना डांबलेल्या छावण्यांचा विषय निघेलच म्हणून आधीच लिहितो. त्या लष्कराने उघडल्या. १९०१ च्या अखेरीस नागरी अधिकाऱ्यांकडे गेल्यावर मृत्यू कमी झाले.

सांताक्रूझ पूर्व
एमिली हॉबहाउस ही इंग्रज समाजसेविका छावण्या बघून १९०१ च्या मेमध्येच परतली होती. सर्वाधिक मृत्यू ऑक्टोबरमधले. बोअरांची २६ हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक मुलं; काळ्या लोकांच्या छावण्यांतली मोजदादही नीट झाली नाही. विहिरीतलं सांडपाणी ज्याला लगेच दिसत होतं, त्याला तंबूतला विषमज्वर दिसायला इतके महिने?

आळसोबा
अवांतर: नेटलफोल्डचा तो स्क्रूचा कारखाना पुढे १९०२ मध्ये जीकेएन (गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स) या कंपनीत गेला. नावातला ‘एन’ तोच. आता चालू द्या.

घाटपायथा
सांताक्रूझताई (की दादा?), विहीर आणि तंबूची तुलना बोचली. उत्तर जुळवायला गेलो तर ‘ती विहीर त्याच्या मतदारांची होती’ यापलीकडे काही सुचेना, आणि ते उत्तर माझ्याच बाजूला लागत नाही. ‘ते असो’ हे दोन शब्द मागे घेतो. गॅस-पाण्याबद्दलचं मत मात्र ठेवतो.

आज चेंबरलेन चौकात गेलो होतो. त्याच्या गौरवाचं कारंजं १८८० चं, म्हणजे जो तेव्हा जेमतेम ४४ वर्षांचा.

पाना-पक्कड
जिवंतपणी स्मारक? मग आपल्याकडचे उगाच बदनाम.