शब्दचर्चा: ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे जिल्हा की मतदारसंघ?

व्हर्जिनियावासी

नमस्कार मंडळी. इथल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एक लेख लिहिते आहे. विषय आहे व्हर्जिनिया राज्याच्या कनिष्ठ सभागृहाचा ९४ क्रमांकाचा डिस्ट्रिक्ट आणि तिथली २०१७ ची निवडणूक. कच्चा मजकूर साताऱ्याला बाबांना वाचायला पाठवला होता. त्यात मी सगळीकडे ‘९४ वा जिल्हा’ असं लिहिलं होतं. बाबांचा लगेच फोन आला, “अगं, अकरा हजार मतांत अख्ख्या जिल्ह्याचा माणूस निवडून येतो? नीट बघ, आकड्यात शून्य राहिलंय.”

आकडा बरोबर आहे. शब्द चुकलाय, हे मला तेव्हा कळलं. पण त्या जागी काय लिहायचं? इथे अमेरिकी काँग्रेसचा, म्हणजे देशाच्या संसदेचा डिस्ट्रिक्ट, राज्याच्या विधिमंडळाचा डिस्ट्रिक्ट, शाळांचा डिस्ट्रिक्ट, न्यायालयाचा डिस्ट्रिक्ट, सगळ्यांना एकच शब्द. ‘मतदारसंघ’ लिहिलं तर अर्थ पुरा येतो का? की सरळ ‘डिस्ट्रिक्ट’च ठेवू?

निवृत्त मुद्रितशोधक

ताई, ‘जिल्हा’ तर लगेच काढा. अरबीत मूळ शब्दाचा अर्थ बरगडी, बाजू. पुढे तो मुलखाच्या एका भागाला लागला आणि आपल्याकडे कारभाराचा शब्द झाला. जिल्हा म्हटला की कलेक्टर आला, कचेरी आली, तालुके आले. त्या अर्थाने तुमच्याकडे जिल्ह्याच्या जवळ जाते ती काउंटी. व्हर्जिनियात काउंटी आहेत ९५, त्यामुळे ‘९४ वा जिल्हा’ वाचणाऱ्याला तो त्यातलाच एक वाटणार. शिवाय तुमचा ९४ क्रमांकाचा डिस्ट्रिक्ट ज्या न्यूपोर्ट न्यूज शहरात होता, ते कुठल्याच काउंटीत मोडत नाही. व्हर्जिनियातल्या ३८ स्वतंत्र शहरांपैकी ते एक. म्हणजे शब्द दोन्ही बाजूंनी चुकतो.

‘मतदारसंघ’ लिहा. अर्थ पुरा येतो. माझ्या मते मूळ इंग्रजी शब्दापेक्षा थोडा जास्तच येतो. ‘डिस्ट्रिक्ट’मध्ये जमीन आहे. हिंदीतल्या ‘निर्वाचन क्षेत्रा’तही जमीन आहे. आपल्या शब्दात ‘संघ’ आहे, म्हणजे माणसं.

मालवणी वाचक

काका, हे पटलं नाही. रोजच्या बोलण्यात मतदारसंघ म्हणजे जमीनच. “आमदार मतदारसंघात आलेत”, “मतदारसंघातले रस्ते बघा एकदा”, “पुनर्रचनेत आमचा मतदारसंघ फुटला.” रस्ते माणसांच्या संघात कसे असतील?

निवृत्त मुद्रितशोधक

बोलण्यात अर्थ सरकलाय हे खरं. पण शब्द मुळात कशावर उभा आहे ते बघायचं तर विधान परिषदेकडे जा. नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघ सहा जिल्ह्यांवर पसरलेला आहे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. त्या सहा जिल्ह्यांतल्या एखाद्या घरात लेक पदवीधर आहे आणि आई दहावी झालेली आहे. लेकीने नाव नोंदवलं असेल तर ती त्या मतदारसंघात आहे. आई नाही. घर एक, उंबरा एक, जमीन एक. ‘क्षेत्र’ हा शब्द इथे लंगडतो, ‘संघ’ लंगडत नाही. शिक्षक मतदारसंघ, स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघ, सगळ्यांचं हेच.

आता खाली उतरा. जिल्हा परिषदेला ‘गट’, पंचायत समितीला ‘गण’. दोन्ही माणसांच्या समूहाचे शब्द. फक्त पालिकेत आणि ग्रामपंचायतीत आपण ‘प्रभाग’ म्हणतो आणि तिथे तुकड्याचा अर्थ येतो. हे शब्द बसवणाऱ्यांनी एवढा विचार केला होता की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण चाळीस वर्षं मुद्रितं तपासताना ‘मतदारसंघ’ला ‘क्षेत्र’ असा पर्याय आला की मी तो खोडत आलोय, ते यासाठी.

तुमच्या तिकडच्या सर्वोच्च न्यायालयातही याच मुद्द्यावर एक वाक्य आहे. १९६४ चा रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स हा खटला. अलाबामात विधिमंडळाच्या जागांची वाटणी १९०० च्या जनगणनेवर साठ वर्षं तशीच पडून होती. गावं ओस पडली, शहरं फुगली, जागा मात्र हलल्या नाहीत. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं की विधिमंडळाचे सदस्य माणसांचं प्रतिनिधित्व करतात, झाडांचं किंवा एकरांचं नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपला ‘संघ’च आठवला.

व्हर्जिनियावासी

काका, मनापासून आभार. ‘मतदारसंघ’ पक्का. वॉरन यांचं वाक्यही लेखात घेते.

बाबांच्या आकड्याच्या शंकेला उत्तर द्यायला मी थोडा हिशेब केला, तोही इथे ठेवते. २०१० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या ८०,०१,०२४ आणि कनिष्ठ सभागृहाच्या जागा १००. म्हणजे जागेमागे सरासरी ८० हजार माणसं. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ११ कोटी २४ लाख लोक आणि २८८ जागा, म्हणजे जागेमागे ३ लाख ९० हजार. बाबा त्या मापाने बघत होते.

मालवणी वाचक

आमच्या शेजारच्या गोव्याचं माप लावलं असतं तर बाबांना नवल वाटलं नसतं. १४ लाख ५८ हजार लोकसंख्येला ४० जागा. मतदारसंघामागे साडेछत्तीस हजार माणसं. तिथे आमदाराला मतदारांची घरं माहीत असतात.

व्हर्जिनियावासी

पुढची अडचण. इथल्या कनिष्ठ सभागृहाचं नाव ‘हाउस ऑफ डेलिगेट्स’. वरिष्ठ ते ‘सिनेट’, त्यात ४० सदस्य. दोन्ही मिळून ‘जनरल असेंब्ली’. मी ‘जनरल असेंब्ली’ला ‘आमसभा’ लिहिलंय. डेलिगेटला ‘प्रतिनिधी’ आणि सिनेटरला ‘सिनेटर’. बरोबर आहे का?

निवृत्त मुद्रितशोधक

‘आमसभा’ नको. ती संयुक्त राष्ट्रांची असते, नाहीतर सोसायटीची. दोन्ही सभागृहं मिळून जे होतं त्याला आपल्याकडे स्वच्छ शब्द आहे, ‘विधिमंडळ’. कनिष्ठ सभागृहाला ‘विधानसभा’ म्हणा आणि पहिल्या उल्लेखात मूळ नाव द्या. उलट कॅलिफोर्नियात ‘असेंब्ली’ म्हणजे फक्त ८० जणांचं कनिष्ठ सभागृह. म्हणून शब्दाला शब्द लावू नका, कामाला शब्द लावा.

‘सिनेटर’ तसंच ठेवलंत तर वाचक वॉशिंग्टनला पोचेल. ‘राज्य सिनेटचे सदस्य’ लिहा.

पत्रकार, बेळगाव

मी ‘आमदार’ सुचवेन, दोन्हींसाठी. आपण विधानसभेच्या सदस्याला आमदार म्हणतो आणि विधान परिषदेच्याही. राज्याच्या विधिमंडळात बसतो तो आमदार, देशाच्या संसदेत बसतो तो खासदार. ही वाटणी अमेरिकेला चपखल बसते. मी ती वापरून पाहिलेली आहे. श्री ठाणेदार आमच्या बेळगावचे. २०२० मध्ये ते मिशिगन राज्याच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून अमेरिकी काँग्रेसवर गेले. दोन्ही वेळा इंग्रजी बातमीत ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ हाच शब्द होता आणि दोन्ही वेळा ‘डिस्ट्रिक्ट’. मराठीत ‘प्रतिनिधी’ लिहिलं असतं तर दोन वर्षांत काय बदललं हे वाचकाला कळलंच नसतं. ‘आमदारकीनंतर खासदारकी’ म्हटलं की इथे पानाच्या टपरीवरच्या माणसालाही कळतं.

व्हर्जिनियावासी

हे फार आवडलं. फक्त आमदार म्हटल्यावर जो थाट डोळ्यांसमोर येतो तो इथे नाही. व्हर्जिनियातल्या डेलिगेटला वर्षाला १७,६४० डॉलर मिळतात, अधिवेशन सम वर्षी ६० दिवसांचं, मुदत दोनच वर्षांची. बहुतेक जण आपापली नोकरी-धंदा सांभाळून हे करतात. ते मी एका वाक्यात सांगेन, शब्द ‘आमदार’च ठेवेन.

आता ज्याच्यासाठी लेख लिहायला घेतला तो भाग. ७ नोव्हेंबर २०१७ ला मतदान झालं. रिपब्लिकन डेव्हिड यान्सी आमदार होते, समोर डेमोक्रॅट शेली सिमंड्स. पहिल्या मोजणीत यान्सी १० मतांनी पुढे. १९ डिसेंबरला पुन्हा मोजणी झाली आणि सिमंड्स एका मताने पुढे गेल्या, ११,६०८ विरुद्ध ११,६०७. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांसमोर एक मतपत्रिका आली. मतदाराने दोघांच्याही नावापुढचे गोल रंगवले होते आणि सिमंड्स यांच्या गोलावर एक तिरकी रेघ मारली होती. न्यायाधीशांनी ते मत यान्सींना दिलं. दोघांना ११,६०८.

मग ४ जानेवारी २०१८ ला रिचमंडमध्ये दोघांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या जुन्या डब्यांत घातल्या, डबे कलासंग्रहालयातून आणलेल्या एका चिनी मातीच्या वाडग्यात ठेवले आणि राज्य निवडणूक मंडळाच्या अध्यक्षांनी त्यातला एक उचलला. यान्सी. त्या एका डब्यावर शंभर जणांचं सभागृह अवलंबून होतं. ५०-५० झालं असतं ते रिपब्लिकन पक्षाकडे ५१-४९ राहिलं.

मी हे ‘लॉटरी काढली’ असं लिहिलंय. ते वाचताना मला स्वतःला टोचतं.

गिरगावकर

टोचणारच. लॉटरीत तिकीट घ्यावं लागतं. आपला शब्द ‘ईश्वरचिठ्ठी’. ग्रामपंचायतींचे निकाल लागले की दरवेळी मथळे असतात, ‘समान मते, ईश्वरचिठ्ठीने कौल’. बरणीत चिठ्ठ्या टाकतात आणि बहुधा एखाद्या लहान मुलाला काढायला लावतात. मोठ्या शहरातही होतं. २०१७ च्याच फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या आमच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांना सारखी मतं पडली, प्रत्येकी ५,९४६. चिठ्ठी शाह यांची निघाली. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. ज्यांनी मतदान केलं नव्हतं त्यांना घरचेच विचारत होते, दुपारी कुठे होतात म्हणून.

पत्रकार, बेळगाव

‘ईश्वरचिठ्ठी’ गोड शब्द आहे, पण व्हर्जिनियाच्या सरकारी कारवाईला मी तो लावणार नाही. तिथे ईश्वराचं नाव कुणी घेतलेलं नाही. ‘चिठ्ठी टाकून निर्णय’ एवढं पुरे. ‘सोडत’ही चालला असता, पण तो शब्द आता घरांनी आणि आरक्षणाने घेतलाय. ‘प्रभागाची सोडत निघाली’ म्हटलं की माणूस विचारतो, महिला की खुला?

निवृत्त मुद्रितशोधक

बेळगावकरांशी सहमत. भर एवढीच की आपला १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम ६५, या प्रसंगाला फार नेमक्या शब्दांत पकडतो. समान मतं पडली तर निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी टाकतो, आणि ज्याच्या बाजूने चिठ्ठी निघाली त्या उमेदवाराला एक जादा मत मिळालं असं धरून पुढे जातो. म्हणजे कायद्याच्या लेखी चिठ्ठी हेही एक मतच. म्हणून ‘नशिबाने जिंकले’ असं लिहू नका, ‘चिठ्ठीच्या मताने विजयी’ लिहा.

आणखी एक. तुम्ही ‘पुन्हा मोजणी’ लिहिलंय ते उत्तम. लेखात ‘फेरमतमोजणी’ लिहिलंत तरी हरकत नाही. पण ‘फेरमतदान’ होऊ देऊ नका. घाईत मथळा करताना ही चूक सर्रास होते, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात जुनीच मतं पुन्हा मोजतात, दुसऱ्यात मतदाराला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

त्या रेघ मारलेल्या मतपत्रिकेबद्दलही लिहा. आपल्याकडे कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा दोघांवर शिक्का म्हणजे मत सरळ ‘बाद’. व्हर्जिनियात मतदाराचा मनोदय बघितला. ‘बाद मत’ आणि ‘वादातलं मत’ हे दोन शब्द तिथे वेगळे ठेवा, नाहीतर गोष्ट कळणार नाही.

व्हर्जिनियावासी

सगळं टिपून घेतलं. शेवटचा शब्द विचारते. पुढे न्यायालयाच्या आदेशाने राज्याचा नकाशा बदलला आणि २०१९ ला सिमंड्स निवडून आल्या. मग २०२० च्या जनगणनेनंतर पुन्हा सगळं नव्याने आखलं गेलं. मतदारसंघ आखणाऱ्या आयोगाचं एकमत झालं नाही, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन तज्ज्ञ नेमून नकाशे करून घेतले. आता सिमंड्स यांचा मतदारसंघ आहे ७०. इथे मतदारसंघाला गावाचं नाव नसतं, नुसता आकडा, आणि तोही हलतो. या सगळ्यात ‘जेरीमँडरिंग’ हा शब्द सारखा येतो. मराठीत काय?

गिरगावकर

आपल्याकडेही आकडा असतोच की, १ अक्कलकुवा ते २८८ जत. पण आकडा कुणाच्या तोंडी नसतो.

पत्रकार, बेळगाव

त्या शब्दाचा जन्मही राज्याच्याच मतदारसंघात झाला, हे लेखात सांगा. १८१२, मॅसॅच्युसेट्स. गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीने राज्य सिनेटचे मतदारसंघ पक्षाच्या फायद्याचे आखले गेले. एसेक्स काउंटीतला एक इतका वेडावाकडा झाला की बॉस्टनच्या वर्तमानपत्राने त्याला पंख-नख्या काढून सॅलमँडर, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या त्या प्राण्यासारखा दाखवला. गेरी आणि सॅलमँडर जोडून शब्द झाला. त्याचं शब्दशः भाषांतर करण्यात अर्थ नाही. ‘सीमांकन-गैरप्रकार’ वगैरे मी पाहिलंय. ते तोंडात बसत नाही.

मालवणी वाचक

नवीन शब्द कशाला? पालिकेची निवडणूक जवळ आली की विरोधक काय ओरडतात? “सत्ताधाऱ्यांनी सोयीची प्रभागरचना केली.” प्रत्येक गावात, प्रत्येक वेळी, हेच शब्द. ‘सोयीची रचना’ म्हटलं की कुणाची सोय, हे सांगावं लागत नाही.

निवृत्त मुद्रितशोधक

मालवणकर, पहिल्या मुद्द्यावर आपलं जमलं नाही, हा मात्र मी माझ्या वहीत लिहून घेतला.

व्हर्जिनियावासी

लेखाचा पहिला परिच्छेद बदलला. बाबांना आत्ताच पाठवला, तुम्हीही बघा:

“व्हर्जिनिया विधानसभेचा ९४ क्रमांकाचा मतदारसंघ न्यूपोर्ट न्यूज शहरात होता. २०१७ साली इथे दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मतं पडली. आमदार ठरला तो चिठ्ठीच्या मताने. मतदारसंघांची रचना सोयीची आहे, हा वाद राज्यात त्याआधीपासून न्यायालयात चालू होता.”

बाबांचं उत्तर आलं: “आता कळलं. त्या दिवशी मत द्यायला न गेलेल्यांचं काय झालं, तेही लिही.”