घुमटावर वेल कोरताना ट्रेसचा पाथ कडेला दुप्पट खोल जातोय

डायवाला_हुपरी: मंडळी नमस्कार, चांदीकामाची एक छोटी डाय (ठसा) करतोय, वर घुमटासारखा भाग आणि त्यावर वेलीची नक्षी, 0.2 मिमी खोल हवीय. फ्यूजनमध्ये (सीएनसी मशीनचा पाथ काढायचं सॉफ्टवेअर) वेल सरफेसवर प्रोजेक्ट केली, ट्रेस (रेघेवरून टूल नेणारा पाथ) घेतला, 2 मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचं टूल), ॲक्सिअल ऑफसेट (टूल रेघेच्या सरळ वर-खाली किती) -0.2. माथ्यावर एकदम बरोबर पण कडेला जिथं उतार 45 अंशाच्या आसपास आहे तिथं दुपटीहून खोल चर पडतोय, टूल लेंथ (टूलची लांबी) मशीनवर दोनदा मोजून घेतली, बॉल पण नवा आहे. शिवाय मशीन अडखळत चालतंय आणि मधेच टूल वर उठतंय. काय चुकतंय?

जुना_सेटर: एक सांग, कडेला वेल रेघेवरच आहे का माथ्याकडं सरकलीय?

डायवाला_हुपरी: सरकलीय की! अर्धा मिमी तरी. मला वाटलं डोळ्यांचा भास.

जुना_सेटर: मग लेंथचा काही संबंध नाही. ट्रेस फक्त टूलचं टोक रेघेवरून नेतो, खाली सरफेस कसा आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सपाटीवर टोक कापतं, उतारावर बॉलची चढाकडची बाजू कापते. हिशोब बघ, बॉलचं सेंटर सरफेसच्या सरळ वर 0.8 (त्रिज्या 1 वजा 0.2), पण 45 च्या उतारापासून काटकोनात मोजलं तर 0.57 च भरतं, त्रिज्या 1, म्हणजे बॉल 0.43 आत घुसला.

कॅम_शिकतोय: ट्रेस सोडून 3डी मधला प्रोजेक्ट घे ना, स्टॉक टू लीव्ह (सरफेसवर सोडायचं मटेरियल, उणे म्हणजे तेवढं आत) -0.2 टाक, तो सरफेस बघून चालतो.

जुना_सेटर: खोली जुळेल, सरकणं राहील, कारण वरून बघितलं तर तिथंही टूलचं सेंटर रेघेवरच असतं. मी सरफेस 0.8 ने बाहेर ऑफसेट करतो आणि वेल त्यावर क्लोजेस्ट पॉइंटने (सरफेसला काटकोनात) नेतो, ॲलाँग व्हेक्टर (सगळीकडे एकाच दिशेनं) घेतलंस तर सगळं मुसळ केरात. मग त्या नव्या रेघेवर ट्रेस, ॲक्सिअल ऑफसेट -1. बॉलचं सेंटर बरोबर त्या रेघेवर चालतं.

टूल उठतंय म्हणजे वेल तुकड्यातुकड्यांची असणार, डीएक्सएफमधून (ड्रॉइंगची फाइल) आणली की हे होतंच, टोकं जोडून घे. टॉलरन्स (पाथ मूळ रेघेपासून किती हलला तर चालेल) किती ठेवलाय?

डायवाला_हुपरी: 0.001, म्हटलं फिनिश चांगलं येईल.

जुना_सेटर: 😀 म्हणून अडखळतंय, प्रोग्रॅममध्ये बारक्या बारक्या ओळी इतक्या होतात की कंट्रोलरला वाचायला वेळ पुरत नाही. 0.01 कर, स्मूदिंग (बारक्या ओळी जोडून कमी करणं) चालू ठेव. आणि आधी नायलॉनच्या तुकड्यावर काढ रे बाबा, डाय स्टीलवर प्रयोग नको.

डायवाला_हुपरी: नायलॉनवर काढली, कडेला पण 0.2 आणि वेल रेघेवर! फक्त माथ्यावर चर जरा धुरकट दिसतोय.

जुना_सेटर: तिथं बॉलचं टोकच घासतंय, टोकाला कटिंग स्पीड शून्य. तीन ॲक्सिसच्या मशीनवर जॉब तिरका बांधल्याशिवाय ते जात नाही, डायमंड पेस्ट मार आणि दे.